'ड्राय' वाइनला काय म्हणावं: सुकी, कोरडी की अगोड?

म्हापसा: मेव्हण्याच्या खानावळीचं मेनूकार्ड मराठीत करून देतोय. 'ड्राय व्हाइट वाइन'पाशी अडलो. 'सुकी पांढरी वाइन' लिहिलं, तर खालच्याच ओळीत 'तिसऱ्यांचं सुकं'. मेव्हणा म्हणतो, गिऱ्हाईक खाऱ्या बांगड्यांचा वास घ्यायला लागेल. बाटली पोर्तुगालची, 'विन्यो व्हेर्द'. व्हेर्द म्हणजे हिरवं ना? मग 'सुकी हिरवी पांढरी वाइन' लिहू?

मडगाव: सरळ 'कोरडी' लिहा. पोर्तुगीजात 'सेकु', फ्रेंचात 'सेक', जर्मनात 'ट्रोकन'. सगळे कोरडीच म्हणतात. आपण का लाजायचं?

फोंडा: लाजायचा प्रश्न नाही, अर्थ भलतीकडे जातो. कोरड आपल्या घशाला पडते. रेड वाइनमधलं टॅनिन कच्च्या सुपारीसारखं जीभ ओढतं, त्यालाच बरेच जण 'ड्राय' समजतात. ते तुरटपण. ड्राय म्हणजे आंबताना रसातली साखर जवळजवळ संपलेली: लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत, आंबटपणा चांगला असेल तर 9 पर्यंतही चालते. गोडपणा नाही एवढाच मुद्दा, आणि त्याला 'अगोड' हा शब्द मराठीत आहेच. 'फिकी' नको, फिकी म्हणजे बेचव. शिवाय फसफसणाऱ्या वाइनवर 'सेक' छापलेलं असलं तर साखर 17 ते 32 ग्रॅम असते! कोरडी म्हणून घ्याल आणि गोड निघेल.

मडगाव: मग 'ड्राय डे'ला अगोड दिवस म्हणू?

फोंडा: मतदानाच्या दिवशी तो असतोच तसा.

पणजी: आता 'व्हेर्द'. वाइनच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. विन्यो व्हेर्द लालही असते. पोर्तुगालच्या वायव्येला मिन्यो नदीच्या बाजूचा हा मुलूख, ग्रॅनाइटची जमीन, अटलांटिकवरून येणारा भरपूर पाऊस. 1908 साली त्याची हद्द ठरली. हिरव्यागार मुलखावरून नाव पडलं असं काही जण सांगतात, काही जण 'कोवळी' असा अर्थ लावतात. मला दुसरा पटतो, कारण तिथले लोक इतर वाइनला 'मदूरु' म्हणतात, म्हणजे पिकलेली. आपण आंब्याला हिरवा आणि पिकलेला म्हणतो, अगदी तीच जोडी. त्याच मुलखातल्या 'काल्दु व्हेर्द' सुपात मात्र हिरवा म्हणजे खरोखरच हिरवा, बारीक चिरलेला कोबीचा पाला.

म्हापसा: म्हणजे 'कोवळी'. बरोबर खायला काय लिहू?

पणजी: ही वाइन हलकी, आंबटसर, जिभेला किंचित चुरचुरणारी. लौरैरु द्राक्षाची असेल तर फुलांचा वास येतो. आल्वारिन्युची अंगानं जड. तिसऱ्यांचं सुकं, रवा लावून तळलेली मुड्डोशी, लसणीवर परतलेले माणके (स्क्विड), यांबरोबर बिनधास्त. लिंबू पिळल्यासारखं काम करते. हुमणाबरोबर, म्हणजे माशांच्या कढीबरोबर, जपून: भिंडाच्या सोलांचा (आमसुलांचा) आंबटपणा वाइनपेक्षा चढा झाला की वाइन पाण्यासारखी लागते. रेशाद मसाल्यातल्या मिरचीशी जड दारूपेक्षा ही बरी, कारण अल्कोहोल जितकं जास्त तितकं तिखट जास्त झोंबतं. विंदालू तर नावातच 'विन्यो', म्हणजे वाइन, घेऊन बसलाय: मुळात 'विन्य द'आल्युश', वाइन आणि लसूण. इथं वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा व्हिनेगर आला. पण त्याच्याबरोबर ही वाइन देऊ नका, व्हिनेगर तिला गिळून टाकतो.

फोंडा: 'कोवळी, अगोड'. खानावळीत कुणी लहान मुलासाठी मागवली तर?

म्हापसा: मेव्हण्याला दाखवलं. तो म्हणाला, 'वाइन' शब्द मोठ्या टायपात घाल. शेवटी कार्डावर गेलं ते असं: 'विन्यो व्हेर्द, पोर्तुगालची कोवळी अगोड वाइन, थंडगार. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर.' 'पांढरी' काढून टाकलं. ग्लासात ओतली तर ती भाताच्या पेंढ्याच्या रंगाची दिसते, पांढरी कुठली?