बेलिनी : फेस उतू जातो आणि गर तळाशी बसतो

निशिगंध
शनिवारी सहा जणांसाठी बेलिनी, म्हणजे पीचचा गर आणि स्पार्कलिंग (फसफसणाऱ्या) वाइनचं पेय, करायची आहे. आज दोन ग्लास करून पाहिले. पिवळे पीच सालासकट मिक्सरमधून काढले, ग्लासात ५० मिली गर घातला आणि वर १०० मिली प्रोसेको, ही इटलीची स्पार्कलिंग वाइन, ओतली. ओतताक्षणी फेस ग्लासाबाहेर आला. दोन मिनिटांत गर खाली आणि वाइन वर. उरलेला गर तासाभरात तपकिरी पडला. शिवाय बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असूनही पेय गोडच लागलं. नेमकं काय चुकतंय? आणि नाशिकची स्पार्कलिंग वाइन चालेल का?

कोयरी
प्रमाण बरोबर आहे, गडबड गरात आहे. मिक्सर फिरतो तेव्हा गरात हवा कोंडली जाते आणि सालीचे बारीक तुकडे राहतात. वाइनमधला वायू असल्या प्रत्येक कणाला धरून बाहेर पडतो आणि पीचमधलं पेक्टिन तो फेस टिकवून धरतं. गर कोमट असेल तर आणखीच वाईट, कारण वाइन जितकी गरम तितका वायू लवकर सुटतो.

मिक्सर बाजूला ठेवा आणि पुरणयंत्र काढा. सर्वांत बारीक जाळी लावा. पीचच्या बुडाला सुरीने फुलीचा छेद द्या, उकळत्या पाण्यात ३०-४० सेकंद ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पिकलेल्या फळाची साल बोटाने ओढली की सुटते. सुटली नाही तर फळ अजून कच्चं आहे, दोन दिवस कागदी पिशवीत ठेवा. पिकलंय का हे देठापाशी वास घेऊन कळतं, रंगावरून नाही.

गर यंत्रातून काढल्यावर बारीक स्टीलच्या गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून पुन्हा गाळा. ही पायरी वगळू नका, तळाशी बसतो तो हाच चोथा असतो. फळ चिरल्याबरोबर अर्धा किलोला एक चहाचा चमचा लिंबाचा रस घाला. गर हवेमुळे तपकिरी पडतो आणि आंबटपणा ती क्रिया मंदावतो. भांड्याला झाकण नको, गराच्या पृष्ठभागालाच प्लास्टिकची फिल्म चिकटवा. निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात कोंडलेली हवाही वर येते.

जमलं तर पांढऱ्या गराचे पीच शोधा. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युसेप्पे चिप्रियानी यांनी १९४८ च्या सुमारास हे पेय केलं ते त्याच फळाचं. कोयीभोवतीच्या लालसर गरामुळे येणारी फिकट गुलाबी छटा त्यांना चित्रकार जोव्हान्नी बेलिनीच्या रंगांसारखी वाटली, म्हणून हे नाव. पिवळ्या पीचचं पेय चवीला छान होतं, पण ते केशरी दिसतं आणि पांढऱ्याचा फुलासारखा वास त्यात नसतो.

द्राक्षवेल
गोडीचं उत्तर लेबलवरच आहे. स्पार्कलिंगमध्ये 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रुट'पेक्षा गोड असते. तिच्यात लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर, ब्रुटमध्ये १२ च्या आत. बेलिनीत गोडी फळाची येतेच, म्हणून ब्रुट घ्या. 'फ्रिझान्ते' लिहिलेली बाटली टाळा. तिच्यात वायूचा दाब मुळातच कमी असतो, गर पडला की तिचं फसफसणं संपतं.

नाशिकची चालेल, पण फरक लक्षात घ्या. प्रोसेको बंद टाकीत फसफसते, त्यामुळे ग्लेरा द्राक्षाचा फळांचा वास टिकतो. नाशिकची सुला ब्रुट शॅम्पेनसारखी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, तिला थोडा पावाचा वास येतो आणि ती कोरडी असते. तिच्याबरोबर गराच्या १०० मिलीला ५ मिली साखरेचा पाक घाला, म्हणजे पीच दबणार नाही.

आता ओतणं. बाटली ५-६ अंशांवर थंड करा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. ग्लासात आधी गर, मग ग्लास तिरपा धरून वाइनचा एक लहान घोट आतल्या कडेने सोडा. लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचला. गर सैल झाला, फेस बसला की उरलेली वाइन ओता. जास्त ढवळलंत तर वायू तिथेच संपतो. उंच, अरुंद फ्लूट ग्लासापेक्षा छोटा सरळ ग्लास बरा, चमचा तळापर्यंत नीट जातो.

निशिगंध
दोघांचेही आभार. गर आदल्या दिवशी केला तर चालेल? आणि डबाबंद पीच?

कोयरी
चालेल, फिल्म लावून एक दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा. गोठलेले तुकडे थेट ग्लासात नकोत, वितळताना पेय पाणचट होतं. डबाबंद पीच पाकातून निथळून घ्या, साखर अजिबात घालू नका, लिंबू दुप्पट. फळाचा वास मात्र अर्धाच उरतो.

सहा जणांना दोन-दोन ग्लास म्हणजे १२०० मिली वाइन, दोन बाटल्या. गर ६०० मिली लागेल, त्यासाठी किलोभर पीच धरा. वास दमदार असेल तर गर आणि वाइन एकास तीन करा, मला तेच जास्त आवडतं.

सांजवारा
पीच मिळालेच नाहीत तर डाळिंबाचा रस घ्या. त्या पेयाला तिंतोरेत्तो म्हणतात, तोही व्हेनिसचाच चित्रकार. सोलापूरकडची भगवा जातीची डाळिंबं त्याला उत्तम. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया फुटून रस तुरट होतो. दाणे जाड पिशवीत भरून लाटण्याने दाबा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. ३० मिली रसाला १०० मिली ब्रुट पुरते. चोथा नसल्यामुळे फेस कमी येतो, तरी पहिला घोट कडेनेच सोडा.