नाताळचा फराळ घरी करायचा का विकत आणायचा? आणि घरी, तर करणार कोण?

पापडीवाली:
डिसेंबर लागला की आमच्या वसईत घरोघरी तेच. पडदे काढा, पंखे पुसा, शिंप्याकडे चार चकरा मारा आणि हे सगळं उरकेपर्यंत फराळ डोक्यावर, कुलकुल, करंज्या, खजुराचे रोल, थाळी स्वीट, केक आणि वर कुणाला तरी रोझ कुकी पण हव्या असतात. या वर्षी मी घरात जाहीर करून टाकलंय की फराळ बाहेरून येणार, गावातल्याच बायका करतात त्यांच्याकडून, मी फक्त केक करणार कारण तो मला करायला आवडतो आणि मनुका-बेदाणे रममध्ये घालून झालेतच. तेव्हापासून सासूबाईंचं प्रत्येक वाक्य "आमच्या वेळी"ने सुरू होतंय. नवरा म्हणाला अगं पण घरच्या करंजीची चव... म्हटलं ये मग, खोबरं भाजायला घे. तर त्याला लगेच गोठ्याचे (येशूजन्माच्या देखाव्याचे) बांबू आठवले आणि गेला अंगणात.

माझा मुद्दा एवढाच आहे की गोठा आणि चांदणीचा कंदील हे हौसेचं काम, त्याचे फोटो निघतात, स्पर्धेला नाव जातं, फादर येऊन कौतुक करतात. पडदे धुतले म्हणून कधी कुणाला बक्षीस मिळालंय का? वसई-चर्चगेट उभ्याने करून आल्यावर रात्री कुलकुल वळत बसायची मला तरी हौस नाही. बोला आता.

कांडेपेरे:
ताई, राग मानू नका पण नाही पटलं. कुलकुल चवीसाठी करतच नाही कुणी, खरं सांगा चवीला काय असतं त्यात, मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर. मजा वळण्यात आहे. आमच्याकडे आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) तिसऱ्या रविवारी, म्हणजे गुलाबी मेणबत्ती लागते त्या दिवशी, दुपारी जेवणं झाली की चटई टाकायची, मधे पीठ, आणि प्रत्येकाच्या हातात काटा नाहीतर नवाकोरा कंगवा. गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, अंगठा जास्त दाबला तर पीठ काट्यात अडकतं, कमी दाबला तर रेघा उठत नाहीत. पाच वर्षांचं पोरगंसुद्धा करतं. त्या दोन-तीन तासांत भावकीतली सगळी भांडणं निघतात आणि मिटतात पण. डब्यात भरून आलेल्या कुलकुलचं काय करायचं, नुसतं खायचं?

विरारफास्ट:
हो, नुसतं खायचं! त्यासाठीच असतं ते 😀
आणि दादा/काका जे काय असाल, चटईवर वळायला सगळे असतात हे मान्य, मग पुढे? पीठ सकाळी कोणी मळलं? सगळे चहा पिऊन उठल्यावर तळायला कोण उभं राहिलं, पाक कोणी केला, तेलकट कढई कोणी घासली? फोटोत चटई येते, कढई येत नाही.

कांडेपेरे:
काकी आहे मी. आणि कढई मीच घासते, पण म्हणून चटई गुंडाळून ठेवायची का?

गोठेवाला:
गोठ्यावर एवढा राग कशाला? जरा करून बघा, मग हौस म्हणा. बांबू चिरायचे, पेंढा कुठून तरी मिळवायचा (भाताची शेतंच उरली नाहीत तर पेंढा कुठून येणार, पूर्वी दारात पडलेला असायचा), गोणपाट सिमेंटच्या पाण्यात बुडवून त्याचे डोंगर उभे करायचे, ते वाळेपर्यंत हलू द्यायचे नाहीत. नाचणी आधीच पेरून ठेवावी लागते नाहीतर पंचवीसला कुरणाच्या जागी नुसती माती दिसते. २०१८ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तर काम दुप्पट झालं, आधी शीट आणली, ब्लेडने कापली, भिंत तयार. मी म्हणतो बरंच झालं, थर्माकोलचा गोठा कसा लग्नाच्या स्टेजसारखा दिसायचा. पण मेहनत वाढली हे खरं.

आणि गोठ्याला परंपरा आहे. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला, गवत, बैल, गाढव आणून. पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१९ला त्याच गावी गेले आणि गोठ्यावरच्या पत्रावर तिथे सही केली. घराघरात गोठा करा, मिळेल त्या साहित्याने करा, लहानपणी आईवडील आजीआजोबांकडून शिकतो ते पुढे न्या, असा त्याचा सूर आहे. मग अंगणात गेलो तर पळालो कसं?

पापडीवाली:
दादा, पत्र उत्तम आहे. त्यात सहा जानेवारीला बाळ येशूला भेटायला तीन राजे येऊन गेल्यावर गोठा कोणी मोडायचा याबद्दल काही आहे का? कारण आमच्याकडे संक्रांतीला पतंग उडतात तेव्हासुद्धा मेंढ्या तिथेच चरत असतात, नाचणी पिवळी पडलेली, आणि शेवटी पेंढा मीच झाडते.

गोठेवाला:
हे मात्र... बरं. पास.

साष्टीकार:
मडगावहून लिहितोय. तुमच्या वादात आमची एक गोष्ट टाकतो. दोदोल केलाय कधी? तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, आणि तासन् तास ढवळणं, थांबलात की खाली लागलं. घट्ट होत आला की बाईमाणसाचा हात भरून येतो मग घरातल्या पुरुषांना हाक मारावीच लागते, आमच्या पप्पांना सगळे म्हणायचे दोदोल यांचाच. (बाकीचा फराळ कोणाचा ते कोणी म्हणायचं नाही, तो आपोआप व्हायचा.) बिबिंक, म्हणजे थराथरांचा केक, तर कित्येक घरांत विकतच येते, एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा घालता येत नाही, पूर्वी वरून करवंट्यांचे निखारे ठेवायचे, नोकरी करून कोण करणार हो. २०२३ला तिला जीआय टॅगही (भौगोलिक ओळखीचा) मिळाला. विकतची बिबिंक ठेवली म्हणून गोव्यात कुणाचा नाताळ हलका झालेला मी तरी बघितला नाही.

पण शेजारी ताटं जातात ना कोंसुआदची, नाताळच्या फराळाची, त्यात घरचं काहीतरी एक असावं असं मला वाटतं. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे गोड करत नाहीत, त्यांच्याकडे आवर्जून ताट पाठवायचं असतं. तिथे दुकानाचा बॉक्स नेऊन ठेवायचा? मला जमणार नाही.

आगाशीकर:
कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. फराळ विकत, चांदणी चायनीज एलईडीची, गोठा रेडीमेड, कॅरल्स स्पीकरवर. मग आपलं काय राहिलं? मॉलमधलं झाड आणि तुमचं घर यात फरक काय? आमच्या लहानपणी बांबूच्या दहा कामट्या घ्यायच्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून टोकं जुळवायची आणि मधे पाच बुटक्या काड्या अडकवल्या की ती फुगून उभी राहायची. मग पतंगी कागद, मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद नाहीतर झुरळं रात्रीत कागद खायची. बल्ब बरोबर मधे लोंबला पाहिजे, कागदाला टेकला की भोक. आज किती पोरांना येतं? सोय बघत बघत एक दिवस मुलं विचारतील, नाताळ म्हणजे सुट्टी ना?

विरारफास्ट:
मग शिकवा ना पोरांना चांदणी, कोणी अडवलंय. मुद्दा फराळाचा चाललाय. संस्कृती टिकवायची म्हटली की ती नेमकी ओट्यावरच का टिकवायची असते दर वेळी? आणि तुमच्या आठवणीत मोरचूद आहे, कामट्या आहेत, आई कुठाय?

आगाशीकर:
आई खळ शिजवत होती. समाधान झालं? तिला आवडायचं ते, सगळ्या बायकांना छळच वाटतो असं धरून चालू नका.

पेठेतली:
मी पुण्याची, आमच्याकडे हाच वाद दिवाळीला होऊन होऊन शिळा झाला. चकल्या विकत, चिवडा घरी, यावर तह झालाय. हो, गोठ्यावर नाचणी पेरता हे वाचून गंमत वाटली, आमच्याकडे पोरं किल्ल्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरतात आणि डोंगरही गोणपाटाचेच. नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत रांग लावायची, पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन यायचं, तेही गेलंच. एक सांगू का, ऑर्डर दिली म्हणजे काम संपलं हा भ्रम आहे. कोणाला किती किलो, कोणाला अंडं चालत नाही, पैसे कधी, आणायला कोण, हे सगळं लक्षात ठेवायचं काम पुन्हा त्याच बाईकडे. हात मोकळे होतात, डोकं नाही.

तळणवाली:
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. तुम्ही ज्यांच्याकडून फराळ घेता त्यातली मी एक. तुमच्या घरातलं काम संपत नाही हो, ते माझ्या ओट्यावर येतं. पहिल्या आठवड्यापासून आम्ही चौघी पहाटे उठून तळतो, डोळ्यात धूर, हाताला चटके. पैसे मिळतात, माझ्या मुलीची फी त्यातून जाते, म्हणून मी कोणाला घरीच करा असं मुळीच सांगणार नाही, सांगेन तर वेडी. पण "बायकांवरचं ओझं कमी केलं" असं जेव्हा कोणी म्हणतं ना, तेव्हा हसू येतं. आणि मग भाव करतात! तूप घालून केलेल्या करंजीचा भाव भाजीसारखा पाडून मागतात, वर म्हणतात घरचंच तर आहे. घरचं आहे म्हणूनच महाग आहे.
माझ्या स्वतःच्या घरचा फराळ चोवीसला संध्याकाळी होतो, चर्चमध्ये मिस्साला जायच्या आधी, उरलेल्या पिठाचा. नवरा डिलिव्हरी करतो, भांडी पण घासतो, कारण आता या कामाचे पैसे येतात. फुकट होतं तोवर त्याला कढई कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं.

विरारफास्ट:
🙏 शेवटचं वाक्य आमच्या घरी फ्रिजवर चिकटवते.

मेलबर्नवासी:
इथे डिसेंबरात उन्हाळा, सूर्य मावळायला पावणेनऊ वाजतात त्यामुळे चांदणी लावली तरी मुलं झोपायच्या वेळेपर्यंत दिसतच नाही. कामट्या मिळत नाहीत, हार्डवेअरच्या दुकानातल्या गोल लाकडी काड्या वापरतो, जड होते पण उभी राहते. कुलकुल विकणारं आमच्या आसपास कोणी नाही, त्यामुळे हा प्रश्नच नाही, पीठ मी मळतो, बायको तळते, मुलगी वळते. वसईला असताना मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचो. इथे बघणारं कोणी नाही, आणि आईही नाही "तू बस रे" म्हणायला.

कांडेपेरे:
हे "तू बस रे" आम्हीच म्हणतो, मान्य. तरी पण कुलकुलची चटई मी सोडणार नाही. पापडीवाली ताई, तुम्ही करंज्या आणा विकत, कोण काय बोलतंय बघते मी, पण एक रविवार पोरांना कंगवे द्या.

पापडीवाली:
काकी, पीठ नवरा मळणार असेल आणि कढई तोच घासणार असेल तर कंगवे मी आणते. आत्ताच विचारलं, तो म्हणाला गोठ्याचं सिमेंट ओलं आहे. म्हणजे नाही.
तळणवालीताई, करंज्या आणि खजुराचे रोल दोन्ही हवेत, ऑर्डर कधीपर्यंत घेता? भाव करणार नाही.

तळणवाली:
पंधरा तारखेला वही बंद. स्टीलचा डबा घेऊन या, प्लास्टिकमध्ये करंजी मऊ पडते. आणि न्यायला भाऊजींना पाठवा, बांबू बाजूला ठेवून.