"तुमच्या आजीला कोण सांभाळत होतं?" म्हणे!

कल्याणकरीण
काल दुसऱ्या एका धाग्यावर 'गावाकडचा' यांनी लिहिलं, "म्हाताऱ्यांसाठी समाजकार्यकर्ते नेमा, ज्येष्ठांची पाळणाघरं काढा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, तुमच्या आजीला कोण सांभाळत होतं? घरात संस्कार असले की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेला माणूस, लागत नाही." मी ते रात्री दोनला वाचलं, कारण रात्री दोनला मी जागीच असते. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. संध्याकाळी सहा वाजले की पायात बूट, हातात डबा, दाराशी उभे. "ड्यूटी आहे. लाइन बॉक्स चढवला का?" म्हणजे गार्डाची सामानाची पेटी. पहिलं वर्षभर आम्ही त्यांना समजावत होतो, बाबा, तुम्ही 2001 साली निवृत्त झालात. म्हणजे रोज संध्याकाळी ते नव्याने निवृत्त व्हायचे आणि रोज नव्याने भांडायचे. एकदा तो स्टीलचा डबा माझ्या मनगटावर बसला.

ओपीडीत डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर टेबलाशी एक मुलगी बसली होती, माझ्या भाचीच्या वयाची, तिथली समाजसेविका. तिचा पहिला प्रश्न बाबांबद्दल नव्हताच. "ताई, तुम्ही सलग किती तास झोपता?" मला आधी रागच आला. मग आकडा सांगितला, अडीच.

तिने सांगितलं, त्यांना खरं पटवत बसू नका. गाडी लेट आहे म्हणा. तेव्हापासून आमच्याकडे रोज गाडी चाळीस मिनिटं लेट असते. बाबा चहा घेतात, डबा उघडून त्यातली चपाती खातात, बूट काढतात. संस्कार आमच्याकडेही होते हो, पण हे कोणाला सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी तिने आणखी एक सांगितलं. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणूस भानावर राहिला नाही की ते कायद्याने संपतं. मृत्युपत्र, बँकेचं काय ते, बाबांना समजतंय तोवर उरका. आम्ही दीड महिन्यात उरकलं. पुढच्या दिवाळीला बाबा सही विसरले होते.

मी शासकीय सेवेत आहे. मुलाच्या दहावीला बालसंगोपन रजेतले दिवस घेता आले, 180 दिवसांची तरतूद आहे. सासऱ्यांसाठी तशी एका दिवसाची नाही. अर्जित रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. तेव्हा संस्कार म्हणजे घरातलं नेमकं कोण, त्या व्यक्तीचं नाव घेऊन बोला.

गावाकडचा
ताई, आदर आहे, पण वाक्य सोयीने उचललंत. पगारी माणूस घरात घुसवू नका, एवढंच म्हणणं होतं. आमच्या आजीला पक्षाघात झाला, अकरा वर्षं अंथरुणाला. पाठीला एक जखम झाली नाही. आई दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. शिक्षण सातवी. कुठल्या कॉलेजात गेली होती ती?

आणि समाजसेवक या शब्दाबद्दल न बोललेलं बरं. आमच्या चौकात आज तीन फ्लेक्स आहेत, तिघेही 'युवा समाजसेवक'. त्यातल्या एकाचा वाळूचा धंदा आहे.

एमएसडब्ल्यू2009
फ्लेक्सवर हसून झालं असेल तर बोलते. मुंबईच्या जेजे रुग्णालयात 1946 साली देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. सरकारी दवाखान्यात या पदाला 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' म्हणतात. इतकी वर्षं झाली, अजून लोक विचारतात, मॅडम, तुम्ही नक्की काय करता?

मी धर्मादाय रुग्णालयात आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धन म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजारांच्या आत उत्पन्न, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांच्या आत. माझा दिवस या दोन आकड्यांत जातो. तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड, झेरॉक्स, "हा दाखला मागच्या वर्षीचा आहे, नवीन आणा."

म्हणून धागाकर्तीला सांगते, राग मानू नका. तुम्हाला भेटलेली मुलगी गुणी होती, आणि त्या दिवशी तिच्यासमोर रांग नव्हती. घरी जाऊन बघणं आमच्या अभ्यासक्रमात होतं, नोकरीत नाही. 'नेमा, नेमा' म्हणता. नेमलेल्यांना फॉर्म भरायला बसवलंय, त्याचं काय ते बोला.

बोस्टनकर
पूर्ण सहमत, एमएसडब्ल्यू मॅडम. इथे माझ्या शेजाऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी सोडण्याआधी सोशल वर्कर येऊन विचारून गेली, घरात पायऱ्या किती, बाथरूम कुठल्या मजल्यावर, रात्री सोबत कोण. पुण्यात माझ्या बाबांचं तेच ऑपरेशन झालं. शनिवारी दुपारी बिल भरलं आणि सोडलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, त्यातली दोन पोरं पार्सल द्यायला आलेली होती. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, फक्त तो विचारणं कुणाचं तरी काम असावं लागतं.

गावाकडचा
चौघांनी उचललं. पाचवा बोस्टनला होता.

बोस्टनकर
वाटच बघत होतो. बाबांना सांभाळायला ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींचे दर महिन्याला अठ्ठावीस हजार कोण भरतं? आणि एका वर्षात पाच मावशी बदलल्या. एक जण बाबांच्या डायपरचं अख्खं पाकीट घेऊन गेली. ब्यूरोवाला म्हणे, "साहेब, बाई दिली, गॅरंटी नाही दिली." पैसे फेकून होत नाही हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आजोबा 78
मी बराच वेळ वाचतोय. सांभाळणं, उचलणं, कूस बदलणं, डायपर. इथे चर्चा माझी चालली आहे की गोदामातल्या मालाची?

मी एकटा राहतो. बँकेत जातो, एसटीने हिंडतो, 75 पूर्ण झाल्यापासून तिकीट लागत नाही. मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गेलो. मशीनवर अंगठा उमटेना. क्रीम लावलं, पुसलं, पुन्हा दाबलं, पाच वेळा. काउंटरवरचा मुलगा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "आजोबांबरोबर कोण आहे?" मी म्हटलं, मीच आहे आजोबांबरोबर. शेवटी चेहऱ्याचा फोटो घेऊन दाखला झाला. ते आधीच करता आलं असतं.

मला समाजकार्यकर्ता नकोही आणि हवाही. घरी येऊन "वेळ कसा घालवता?" असं गोड आवाजात विचारणारा नको. माझ्याशी बोलणारा हवा, माझ्याबद्दल मुलाशी बोलणारा नको.

कल्याणकरीण
आजोबा, चूक कबूल. मीही सगळं बाबांना मधे न घेताच लिहिलं. पण सहानंतर त्यांना विचारायचं कसं, हे मला खरंच कळत नाही.

मधली बहीण
सगळे संस्कार संस्कार करताय म्हणून सांगते. आईला मी सहा वर्षं सांभाळलं, मी मधली, लग्न झालेली. दोन्ही भाऊ "ताईकडे आई रमते" म्हणत आंबे पाठवायचे. आणि फ्लॅटचं बक्षीसपत्र धाकट्याच्या नावावर! आईने कधी केलं ते आईलाही आठवत नव्हतं. सेवा लेकीने करायची, कागद लेकाने करायचा.

कागदपत्र
मुद्रांक फक्त 200 रुपये लागतो ना! राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली की महाराष्ट्रात एवढ्यात भागतं. स्वस्त म्हणून लोक मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र करून मोकळे होतात. मृत्युपत्र मरेपर्यंत शंभरदा बदलता येतं, दोन साक्षीदार असले की पुरतं, नोंदणी सक्तीची नाही. बक्षीसपत्र एकदा झालं की घर गेलं.

गावाकडचा
गेलं कसं? 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा आहे. मुलं बघत नसली तर प्रांताकडे अर्ज करायचा, घर परत.

कागदपत्र
व्हॉट्सअॅपवर तसं असतं. कलम 23 वाचा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं असेल आणि सांभाळ केला नाही, तर व्यवहार रद्द होऊ शकतो. बक्षीसपत्रात छापील वाक्य असतं, "प्रेमापोटी व मायेपोटी". प्रेमात अट कुठून येणार? डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अट होती हे दिसलं पाहिजे.

मधली बहीण
जानेवारी 2025 चा निकाल विसरलात. त्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की कायदा ज्येष्ठांच्या भल्याचा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा. त्या प्रकरणातल्या आईला मालमत्ता परत मिळाली.

कागदपत्र
त्या प्रकरणात सांभाळ करण्याचं वेगळं लिहून दिलेलं होतं. तुमच्या भावाने दिलंय?

मधली बहीण
माझा भाऊ काय देतो हे तुम्ही मला सांगू नका.

बोस्टनकर
अवांतर होतंय, पण विचारतो. बाबांनी मला बक्षीसपत्र करून दिलं आणि ते पुण्यात त्याच घरात राहिले, तर…

मधली बहीण
बघा! बघा, आले लगेच!

एमएसडब्ल्यू2009
मी यातलंच सांगते, नाहीतर धागा सातबाऱ्यापर्यंत जाईल. त्या कायद्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना दहा हजार आहे. तुमच्या ब्यूरोच्या मावशी अठ्ठावीसला. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे जणांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट आहे. न्यायाधिकरणासमोर वकिलाला मज्जाव असं कायद्यात लिहिलंय, म्हाताऱ्या माणसाच्या वतीने चरितार्थ अधिकारी बोलू शकतो. म्हणजे एका माणसाने आजींच्या शेजारी उभं राहावं असं कायदा करणाऱ्यांनाही वाटलं होतं. माझ्याकडे आलेल्या आजींपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक झाल्यावर बहुतेक जणी म्हणतात, "नको बाई, पोराच्या नावाने नोटीस निघेल."

गावाकडचा
शेवटचं वाक्य बरोबर आहे. नोटीस काढल्यावर ती आजी राहणार कुठे? त्याच घरात, त्याच सुनेच्या हातचं जेवत. म्हणूनच मी म्हणतो, घरातलं घरात मिटवा.

कल्याणकरीण
पुन्हा सून! तुमची आजी अकरा वर्षं अंथरुणावर होती म्हणता. त्या अकरा वर्षांत तुमची आई माहेरी किती दिवस राहिली? बाबा किती रात्री उठले? तुम्ही किती? आईंना फोन करून विचारा आणि इथे लिहा.

गावाकडचा
वैयक्तिक होऊ नका.

कल्याणकरीण
आजी तुम्हीच काढलीत.

आजोबा 78
14567 हा ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन नंबर आहे, सकाळी 8 ते रात्री 8. कोणाला लागला तर.

कल्याणकरीण
धन्यवाद आजोबा. आमचा प्रश्न रात्री दोनला उठतो, पण लिहून ठेवते.

गावाकडचा
आईला फोन केला होता. दोनदा, म्हणाली. अकरा वर्षांत दोनदा माहेरी, त्यातलं एकदा तिच्या वडिलांच्या तेराव्याला. बाबा रात्री उठायचे का विचारलं तर हसली. मग म्हणाली, आत्ता का विचारतोस? तिच्या कमरेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, हे मला आज कळलं. मी वयामुळे समजत होतो.

तरी माझं मत कायम आहे. बाहेरच्या माणसाने येऊन आईला विचारलं असतं तर ती "सगळं ठीक आहे" म्हणाली असती.

एमएसडब्ल्यू2009
पहिल्या दिवशी सगळ्याच म्हणतात. तिसऱ्या भेटीत सांगतात. म्हणून तर म्हणते, तिसरी भेट नोकरीत बसवून द्या.

गावाकडचा
बरं. तिसरी भेट मान्य. फ्लेक्सवाला पाठवू नका म्हणजे झालं.

कल्याणकरीण
एवढं मान्य केलंत, चौकात तुमचाच फ्लेक्स लावू. आमच्याकडच्या त्या ओपीडीत दर दुसऱ्या शनिवारी सांभाळणाऱ्यांची बैठक असते. पंधरा-वीस बायका आणि दोन पुरुष. त्यातला एक पुरुष दर वेळी बायकोचा स्वेटर मांडीवर घेऊन बसतो, कारण बायको घरी शेजारणीकडे असते आणि स्वेटर घेऊन निघालं की तिला वाटतं हा लगेच परत येणार. कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सहा वाजले. बूट घालायला घेतलेत. बाकीचं नंतर वाचते.

बोस्टनकर
कागदपत्र, ती अट बक्षीसपत्रातच घालायची की वेगळ्या कागदावर चालते?

मधली बहीण
याला कोणीही उत्तर देऊ नका.