स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शब्द संदर्भातून शिकवायचे तर वाक्यं कशी निवडावीत?

अनुस्वार:
सहा प्रौढ स्पॅनिश भाषकांचा ऑनलाइन गट आहे, पातळी बी१, म्हणजे मध्यम. आठवड्यातून दोन तास, प्रत्येकी 60 मिनिटांचे. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं बंद केलंय, आता छोट्या उताऱ्यांतून शब्द घेतो. उतारा वाचला की सगळे म्हणतात 'कळलं'. पण तोच शब्द बोलताना वापरायची वेळ आली की स्पॅनिश अर्थ डोकावतो. 'ॲक्च्युअली' म्हणजे 'सध्या', 'रिअलाइज' म्हणजे 'पार पाडणं', 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचं दुकान!
उतारा किती अवघड असावा? उदाहरणाची वाक्यं कशी निवडावीत? आणि तासाला स्पॅनिश बोलू द्यावं का?

ओळदरओळ:
अडचण संदर्भ कमी पडण्याची नाही. तुमच्या वाक्यांमध्ये स्पॅनिश अर्थही बिनबोभाट बसतोय, म्हणून विद्यार्थ्याला शंका येण्याचं कारणच उरत नाही.

'ॲक्च्युअली'चंच बघा. शिकवताना नेहमी दिलं जाणारं वाक्य असं असतं: 'ही लुक्स थर्टी, बट ही इज ॲक्च्युअली फॉर्टी-फाइव्ह.' इथे स्पॅनिशमधला 'आक्तुआल्मेन्ते', म्हणजे 'सध्या', घालून बघा. दिसतो तिशीचा, पण सध्या पंचेचाळीसचा आहे. अर्थ लागतो! विद्यार्थी समाधानाने पुढे जातो. त्याऐवजी हे द्या: 'आय थॉट द एक्झाम वॉज ऑन मंडे, बट इट वॉज ॲक्च्युअली ऑन फ्रायडे.' परीक्षा होऊन गेलेली आहे, त्यामुळे 'सध्या' तिथे टिकत नाही. विद्यार्थी थांबतो, आणि तो थांबला तरच नवा अर्थ आत जातो.

म्हणून प्रत्येक वाक्याची एकच चाचणी घ्या. इंग्रजी शब्दाच्या जागी त्याचा स्पॅनिश जुळा, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा स्पॅनिश शब्द, त्याच्या स्पॅनिश अर्थासह ठेवा. वाक्य तरीही शहाण्यासारखं वाटलं तर ते टाकून द्या. काही नमुने:

'लायब्ररी'साठी 'तो पुस्तक आणायला लायब्ररीत गेला' चालणार नाही. 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचं दुकान, तिथेही माणूस पुस्तक आणायलाच जातो. 'शुक्रवारपर्यंत पुस्तक लायब्ररीत परत करायचंय' हे वाक्य घ्या.

'प्रिटेंड'साठी 'ही प्रिटेंडेड टू बी अस्लीप' एकटं पुरत नाही, कारण 'प्रेतेन्देर' म्हणजे बेत असणं, प्रयत्न करणं, आणि झोपण्याचा बेत कुणाचाही असू शकतो. आधीच्या वाक्यात तो चादरीखाली फोन बघत होता, दार वाजताच त्याने डोळे मिटले, असं स्पष्ट यायला हवं.

'एव्हेंच्युअली'साठी बस उशिरा आली एवढं सांगून थांबू नका. 'एबेन्तुआल्मेन्ते' म्हणजे 'कदाचित, प्रसंगी'. दोन तास थांबलो, एव्हेंच्युअली बस आली, आम्ही चढलो आणि घरी पोचलो, इतकं सगळं सांगा. घरी पोचल्यावर 'कदाचित'ला जागा राहत नाही.

'रिअलाइज'चा गुंता वेगळा आहे. 'ही रिअलाइज्ड हिज ड्रीम' यात 'रेआलिसार'चा अर्थ चक्क बरोबर आहे. असं वाक्य पहिल्या काही आठवड्यांत समोर येऊच देऊ नका. 'रिअलाइज्ड दॅट', म्हणजे 'लक्षात आलं की', अशी रचना घ्या. 'दॅट' आला की 'पार पाडणं' आपोआप बाद होतं.

उताऱ्याच्या अवघडपणाबद्दल: भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या शब्दसंग्रहावरच्या कामातून आलेला 98 टक्क्यांचा निकष वापरा. कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं असेल तर 100 शब्दांमागे अनोळखी शब्द 2 पेक्षा जास्त नकोत. तुम्ही सोबत असाल तर 5 पर्यंत चालतील. म्हणजे 250 शब्दांच्या उताऱ्यात घरी 5, तासाला 12.

पण अनोळखी शब्दांना खूण करायला सांगून ही मोजणी करू नका. विद्यार्थी जे शब्द ओळखीचे समजतो, त्यांवर खूण होत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच असते. उतारा देण्याआधी तुम्हीच 6 संशयास्पद शब्द निवडा आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाचा त्या ओळीतला अर्थ विद्यार्थ्यांकडून स्पॅनिशमध्ये एका शब्दात लिहून घ्या. दोन मिनिटांत कोण कुठे घसरलं ते कळतं. स्पॅनिश वापरू द्यावं का, याचं उत्तरही यातच आलं. तपासण्यासाठी जरूर, समजावून सांगण्यासाठी शक्यतो नको.

पूर्णविराम:
वरच्या चाचणीशी पूर्ण सहमत, पण फसव्या जोड्यांचा, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या पण अर्थ वेगळा असणाऱ्या शब्दांचा, धाक इतका घालू नका की विद्यार्थी प्रत्येक सारख्या शब्दाकडे संशयाने बघेल. सारखे दिसणारे बहुतेक शब्द प्रामाणिक असतात. '-सिओन'चं '-शन', '-दाद'चं '-टी', '-मेन्ते'चं '-ली' हे तीन नियम पहिल्याच तासाला द्या. त्यातून फुकट मिळणारी शिदोरी मोठी आहे.

त्याच कारणाने वेळ कुठे घालवायचा तेही ठरतं. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची शैक्षणिक शब्दांची यादी 570 शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कूल) आहे. त्यातले बहुसंख्य शब्द लॅटिन-ग्रीक मुळांचे, म्हणजे स्पॅनिश भाषकाला अर्थापुरते निम्मे आलेलेच. अवघड जातात ते 'पुट ऑफ', 'गो ऑन', 'पुट अप विथ', 'गेट ओव्हर'. असा माणूस संपादकीय वाचतो, पण मित्रांच्या गप्पांत अडकतो. बोलतानाही तो 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'रिटर्न' म्हणतो. व्याकरण बरोबर, पण जेवणाच्या टेबलावर ते अर्जासारखं वाटतं. म्हणून एकच मजकूर दोन रूपांत द्या, एकदा कार्यालयीन ईमेल, एकदा मैत्रिणीला निरोप. ईमेलमधल्या प्रत्येक जड क्रियापदाचा जोडीदार निरोपात शोधायला लावा. एका उताऱ्यात अशा 4 जोड्या पुरेत.

दुसरी गोष्ट, एका स्पॅनिश क्रियापदाला इंग्रजीत दोन-तीन वाटा फुटतात तिथे सुटा शब्द शिकवूच नका. 'आसेर'चे 'मेक' आणि 'डू', 'देसिर'चे 'से' आणि 'टेल', 'एस्पेरार'चे 'वेट', 'होप' आणि 'एक्स्पेक्ट'. नियम सांगून हे बसत नाही, शब्दजोड म्हणूनच बसतं. स्पॅनिशमध्ये निर्णय 'घेतात', म्हणून 'टेक अ डिसिजन' ऐकू येतं. वहीत 'मेक' कधीच एकटा लिहू नये, 'मेक अ डिसिजन' असं अख्खं लिहावं. शब्दयोगी अव्ययंही तशीच, 'डिपेंड ऑन', 'मॅरिड टू'. नाहीतर 'डिपेंड ऑफ' आणि 'मॅरिड विथ' ठरलेलंच.

आणि 'बॉरो'-'लेंड' किंवा 'रिमेंबर'-'रिमाइंड' एकाच दिवशी घेऊ नका. पहिल्या जोडीसाठी स्पॅनिशमध्ये 'प्रेस्तार'चीच रूपं येतात, दुसरीला एकच क्रियापद चालतं, त्यात दोन्ही शब्द नवे, म्हणजे अदलाबदल होणारच. पहिला पक्का झाल्यावर, निदान आठवड्याने, दुसरा.

अनुस्वार:
वाक्याची चाचणी लगेच वापरता येईल, दोघांचेही आभार. पुढचे दोन प्रश्न. उजळणीची कार्डं कशी करायची? आणि गटात तिघे मेक्सिकोचे, तिघे स्पेनचे आहेत, त्याने काही फरक पडतो का?

ओळदरओळ:
कार्डाच्या पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य आणि शब्दाचं पहिलं अक्षर. मागे पूर्ण शब्दजोड आणि एक वेगळं वाक्य. पुढे नुसता स्पॅनिश शब्द ठेवलात तर पुन्हा एकास एक भाषांतराची सवय लागते. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी उजळणी. तिसऱ्या फेरीला वाक्य बदला, नाहीतर विद्यार्थी शब्द न आठवता वाक्याचा आकार ओळखून उत्तर देतो. एका तासाला 8 ते 10 नव्या नोंदी भरपूर झाल्या.

देशाने फरक नक्कीच पडतो. स्पेनमध्ये संगणक 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा', म्हणजे 'कॉम्प्युटर' एका बाजूला आयता मिळतो, दुसऱ्या बाजूला नाही. उलट मेक्सिकोत राहत्या घराला 'देपार्तामेन्तो' म्हणतात, तेव्हा 'डिपार्टमेंट'चा घोळ तिथल्यांचा, स्पेनवाल्यांचा नाही. स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला, म्हणून इंग्रजी 'कॉन्स्टिपेटेड' (बद्धकोष्ठ झालेला) त्यांना डॉक्टरसमोर गोत्यात आणू शकतं. सहा शब्दांची ती चाचणी देशागणिक वेगळी करा.

कानोसा:
सगळी चर्चा वाचण्याबद्दल झाली म्हणून थोडं ऐकण्याबद्दल. छापील 'हॉस्पिटल' त्यांना क्षणात कळतं, ऐकताना निसटतं, कारण स्पॅनिशमध्ये 'एच' मुका आणि जोर शेवटच्या अक्षरावर, इंग्रजीत पहिल्या. 'कम्फर्टेबल'चंही तसंच, बोलण्यात त्याची तीनच अक्षरं उरतात. त्यातून स्पॅनिशचे स्वर पाच, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' कानाला सारखेच. 'स्कूल'ला आधी 'ए' लागून 'एस्कूल' होतं ते वेगळंच.

म्हणून क्रम उलटा करा. उतारा आधी दाखवू नका. सारख्या दिसणाऱ्या 4-5 शब्दांची वाक्यं दोनदा ऐकवा, लिहून घ्या, मग छापील मजकूर द्या. अक्षरं आधी दिसली की डोळा स्पॅनिश उच्चार लावून टाकतो. श्रुतलेखनात जिथे रिकामी जागा राहील तो शब्द कार्डावर घ्या आणि त्या कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्याऐवजी ध्वनिमुद्रण ठेवा.