समुपदेशकांबरोबर कारभारही समुदायाच्या हाती हवा

कॅनडातील आदिवासी वस्त्यांत समुपदेशक वाढवले की तरुणांच्या आत्महत्या थांबतील, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. समुपदेशक हवेतच, पण सगळ्या वस्त्या सारख्याच धरल्या की मुख्य गोष्ट नजरेआड होते. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे २०० फर्स्ट नेशन्स (तिथले मूळ आदिवासी) समुदायांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा निम्म्याहून अधिक समुदायांत पाच वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या झाली नसल्याचे दिसले. शाळा कोण चालवते, दवाखाना कोणाच्या ताब्यात आहे, आग लागल्यावर बंब कोणाच्या हुकमाने निघतो, जमिनीच्या हक्कासाठी समुदाय झगडतो आहे का, हे त्यांनी तपासले. आणि जिथे असा कारभार समुदायाच्या हाती होता, तिथे आत्महत्या कमी होत्या.

पुढे २००७ मध्ये, बहुसंख्य लोकांना स्वतःची भाषा बोलता येणाऱ्या समुदायांतही हेच चित्र दिसले. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही ज्यांच्या आजी-आजोबांना आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, त्या मुलांसाठी तीच भाषा शिकवणारा शिक्षक नेमणे हा मी आरोग्यावरचाच खर्च मानतो.