मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर मासे बंद करायचे का? (टीएमएओ आणि आतड्यातले जिवाणू)

नमस्कार मंडळी,

आम्ही माहीमला राहतो. बाबा ६७ वर्षांचे, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. स्टॅटिन, रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीची गोळी, सगळं वेळेवर चालू आहे. वडापाव-फरसाण त्यांनी निमूट सोडलं. मासे मात्र सुटत नाहीत. परवा चुलतभावाने ग्रुपवर व्हिडिओ टाकला की माशांमुळे रक्तात टीएमएओ नावाचं रसायन वाढतं आणि धमन्या तुंबतात. आईने सिटीलाईट मार्केटमधून आणलेले बांगडे तिरफळांसकट शेजारी देऊन टाकले आणि बाबांच्या ताटात दुधी आला. तेव्हापासून घरात अबोला आहे.

मी थोडं वाचलं. मटणातलं कार्निटिन आणि अंड्याच्या बलकातलं कोलीन या घटकांपासून आतड्यातले काही जिवाणू टीएमए नावाचं रसायन बनवतात (शिळ्या मासळीला वास येतो तो याचाच), आणि यकृतात त्याचं टीएमएओ होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे संशोधक स्टॅनली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. शाकाहाऱ्यांना कार्निटिन दिलं तरी त्यांच्यात टीएमएओ फारसं बनत नाही, हे त्यांनीच २०१३ मध्ये मांडलं. इथवर समजलं.

पण समुद्राच्या माशांत टीएमएओ आयतंच असतं, म्हणजे खाल्ल्यावर रक्तात वाढणारच. मग अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणते ते कसं? आणि रविवारच्या मटणाबद्दल व्हिडिओत अवाक्षर नाही!

दुसरं, टीएमएओ लघवीवाटे बाहेर जातं. बाबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) किंचित वाढलेलं आहे. अशा माणसाने जास्त जपायला हवं का? सुके बोंबील आम्ही मिठासाठी आधीच बंद केलेत.

मेडिकलवाला प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल घ्या म्हणतोय. मला त्यापेक्षा चवळी-मुगाची उसळ आणि ज्वारीची भाकरी वाढवणं पटतं, कारण फायबर आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि ती आतड्याला चांगली. पण बाबांना गॅस होतो. हळूहळू कसं वाढवलंत?

ओपीडीत डॉक्टर घाईत होते, "तळलेलं नको, मीठ कमी" एवढंच म्हणाले. पुढच्या तारखेला नेमकं काय विचारू? इथे कुणी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा. उत्तर 'मासे बंद' असेल तर कारणही लिहा, बाबा विचारणार आहेत.