वॉर्ड इन्चार्जने पुढे काय शिकावे : एम.एस्सी. नर्सिंग की रुग्णालय व्यवस्थापन?

प्रश्न : वॉर्ड इन्चार्ज, सोलापूर

नमस्कार. माझे बी.एस्सी. नर्सिंग झाले असून शहरातील एका खाजगी रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. अक्कलकोट, मोहोळपासून विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात, त्यामुळे खाटा क्वचितच रिकाम्या राहतात. ड्यूटी लावणे, औषधांचे इंडेंट (मागणीपत्रक), नव्या मुलींना तयार करणे, हे सारे मी वरिष्ठांचे पाहून शिकले. मात्र नाईटला एखादी सिस्टर आली नाही की उरलेल्यांची होणारी ओढाताण व्यवस्थापनाला पटवून देताना माझे म्हणणे केवळ तक्रार ठरते. नेतृत्वाचे रीतसर शिक्षण घ्यावे असे मनापासून वाटते. त्यासाठी एम.एस्सी. नर्सिंग करावे की रुग्णालय व्यवस्थापन? नोकरी सोडावी लागेल का?

उत्तर : पाठ्यनिर्देशिका, नर्सिंग महाविद्यालय

ताई, आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंगला मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य यांपैकी एक विशेष विषय घ्यावा लागतो. नेतृत्वाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या ‘परिचर्या व्यवस्थापन’ या विषयात येतो आणि मनुष्यबळाचे नियोजन, अंदाजपत्रक, गुणवत्ता, कामाचे मूल्यमापन हे सर्व कोणताही विशेष विषय घेतलेल्या विद्यार्थिनीला शिकावेच लागते. पहिल्या वर्षी संशोधन व संख्याशास्त्र असते आणि प्रबंधही लिहावा लागतो. अभ्यासक्रम २ वर्षांचा, पूर्णवेळ आहे; बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण आणि त्यानंतर किमान १ वर्षाचा अनुभव लागतो. नोकरी सांभाळून तो होत नाही. कोणी दूरशिक्षणाने एम.एस्सी. नर्सिंग करून देतो म्हणाले, तर पैसे भरू नका. त्या पदवीला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता नसते.

उत्तर : निवृत्त अधिसेविका (मेट्रन)

अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका अशा पायऱ्या चढत मी वर गेले, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. पदवी कोणतीही घ्या, पण मागणी आकड्यांत मांडायला आजपासूनच शिका. समजा, तुमच्या वॉर्डात प्रत्येक पाळीला ३ सिस्टर हव्यात. तीन पाळ्यांच्या ९ झाल्या, परंतु साप्ताहिक सुट्टी, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी ३० टक्के राखीव धरले की १२ जणी लागतात. व्यवस्थापन बहुधा ९ वरच थांबते आणि तुमची नाईटची ओढाताण तिथेच सुरू होते. रोजच्या सेन्ससशेजारी (वॉर्डातील रुग्णसंख्येच्या नोंदीशेजारी) त्या पाळीला किती जणी होत्या, किती रुग्ण ऑक्सिजनवर होते, कोणते इंजेक्शन उशिरा गेले, कोण खाटेवरून पडले, एवढे लिहून ठेवा. काही महिन्यांची अशी वही टेबलावर ठेवली की तिला कोणी तक्रार म्हणू शकत नाही.

ओव्हरकडेही, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवण्याकडेही, इन्चार्जने स्वतः लक्ष द्यावे. सकाळी घरी जायच्या घाईत ओव्हर नुसते वाचून दाखवले जाते आणि रात्री बदललेला इन्सुलिनचा डोस सांगायचा राहतो. खाटेशी उभे राहून, केसपेपर हातात घेऊन ओव्हर द्यायची शिस्त लावणे हे माझ्या मते नेतृत्वाचे पहिले काम आहे.

उत्तर : गुणवत्ता विभागातील परिचारिका

मी व्यवस्थापनाकडे वळले. इग्नूची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका नोकरी करत पूर्ण करता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी आहे. एनएबीएच (रुग्णालयाच्या गुणवत्तेचे) मानांकन, खरेदी, बिलिंग, कायदेशीर बाबी समजून घ्यायला हे शिक्षण फार उपयोगी पडते. पण केवळ त्यावर नर्सिंग महाविद्यालयात शिकवता येत नाही आणि परिचर्या विभागाची प्रमुख निवडताना अनेक ठिकाणी एम.एस्सी. नर्सिंगच पाहतात. आपल्याला रुग्णाजवळ राहून परिचारिकांचे नेतृत्व करायचे असेल, तर एम.एस्सी. करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉर्ड इन्चार्ज, सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मला परिचारिकांमध्येच राहायचे आहे, त्यामुळे मेडिकल-सर्जिकल घेऊन एम.एस्सी. करण्याचे ठरवत आहे. परिचारिकांची संख्या आणि रुग्णांना औषध मिळण्यास होणारा उशीर, हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल का?

पाठ्यनिर्देशिका

नक्कीच होऊ शकेल. मात्र विषय एका प्रकारच्या वॉर्डापुरता आणि ठरावीक औषधांपुरता मर्यादित ठेवा. माहिती गोळा करण्यापूर्वी नीतिमत्ता समितीची आणि रुग्णालयाची लेखी परवानगी लागेल. मॅडमनी सांगितलेली वही प्रबंधात थेट वापरता येणार नाही, परंतु नेमके काय मोजायचे हे तिच्यावरूनच ठरवता येईल.